बिजागरीची रेषा : मांडवीतल्या एका शिडाच्या बोटीच्या दाराचं प्रकरण

माझी सुतारकामाची जागा डिचोलीला आहे. देव्हारे, पलंग, जुन्या घरांची दारं-खिडक्या हे आमचं रोजचं काम. बोटीचं काम हातात आलं ते घरातूनच. भाओजी व्यापारी जहाजांवर इंजिनीअर होते. निवृत्तीनंतर त्यांनी मुंबईत एक जुनी २७ फुटी फायबरग्लासची शिडाची बोट घेतली आणि ती गोव्यात आणून ब्रिटोना इथे मांडवीत बांधली. या बोटीला लाकडी दारं करायची होती. ती मी दोनदा केली. पहिली जोडी वर्षभर त्रास देऊन बाद झाली. दुसरी आता एक पावसाळा काढून उभी आहे. दोन्हींच्या मधे काय कळलं ते सविस्तर लिहितो, कारण चूक लाकडात नव्हती आणि हत्यारातही नव्हती.

शिडाच्या बोटीत मागे बसायची खोलगट जागा असते, ते कॉकपिट. तिथून पुढच्या केबिनमध्ये उतरायचं जे तोंड, त्याला कंपॅनियनवे म्हणतात. वर पुढेमागे सरकणारं झाकण आणि समोर उभी उघडी जागा. ही उभी जागा बहुतेक बोटींत दाराने बंद करत नाहीत. दोन्ही बाजूंना खोबणी असतात आणि त्यांत दोन-तीन फळ्या वरून एकावर एक सोडतात. या फळ्यांना वॉशबोर्ड म्हणतात. व्यवस्था जुनी आणि भक्कम आहे, पण नदीत राहताना जाच करते. दिवसातून दहा वेळा आत-बाहेर करायचं, दर वेळी तीन फळ्या उचलायच्या, त्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न, आणि एवढ्यात पावसाची सर. ताईचा गुडघा दुखतो. फळ्या लावलेल्या असताना पाय उंच टाकून आत उतरणं तिला जमत नव्हतं. एका संध्याकाळी मधली फळी तिच्या हातून सुटली. उजेडासाठी ती ॲक्रिलिकची केलेली होती. ॲक्रिलिक पाण्यापेक्षा सुमारे १.१९ पट जड असतं. लाकडी फळी तरंगली असती, ही सरळ तळाला गेली. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला, "अरे, मला घरासारखं दार करून दे. ढकललं की उघडेल असं."

भाओजींनी लगेच एक अट घातली. दार कर, पण फळ्यांच्या खोबणींना हात लावायचा नाही. त्यांचं म्हणणं मला तेव्हा हट्टाचं वाटलं. पुढे पटलं. १९७९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधून फास्टनेट शर्यतीला ३०३ बोटी निघाल्या. वाटेत वादळ आलं, १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले, ५ बोटी बुडाल्या. त्या वादळात कित्येक बोटी आडव्या झाल्या आणि काहींच्या कंपॅनियनवेच्या फळ्या निसटून गेल्या, म्हणजे केबिनचं तोंड समुद्राला उघडं पडलं. आज खोल समुद्रातल्या शर्यतींचे नियम सांगतात की या फळ्या दोरीने बोटीला बांधलेल्या हव्यात आणि वरचं झाकण उघडं असो वा बंद, त्या जागेवरच अडकून राहायला हव्यात. बिजागरीवरचं हलकं दार या कसोटीला उतरत नाही. "ह्याच नदीत पलीकडे दिवाडीला नौदलाची म्हादेई ही शिडाची बोट बांधली," भाओजी म्हणाले. "नौदलाचे दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीला फेरी मारून आले, अभिलाष टॉमी तर वाटेत कुठेही न थांबता. आपली बोट कारवारपर्यंत तरी जाणारच ना? आग्वादच्या बाहेर, समुद्रात पडताना तिथे फळ्याच असतील."

म्हणजे काम असं ठरलं : नदीत दार, समुद्रात फळ्या. दार काढता-घालता आलं पाहिजे आणि फळ्यांच्या आड येता कामा नये.

पहिली जोडी

एप्रिलमध्ये मी मोजमापं घेतली. उंची ७६० मिमी. रुंदी खाली ५८० आणि वर ६३२. तोंड वर रुंद होत जातं. बोटी बांधणारे असं करतात कारण अशा आकारात फळी थोडी वर उचलली की दोन्ही बाजूंनी सैल होते आणि पटकन निघते. मी प्लायचा साचा कापून आणला आणि कार्यशाळेत त्यावरून दोन झडपा केल्या. जुन्या घराचं चांगलं सागवान मिळालं होतं. २२ मिमी जाडीच्या रुंद फळ्या जोडून प्रत्येकी सुमारे २९० मिमी रुंदीची सलग झडप. मधे फट २ मिमी. बाहेरच्या कडा तोंडाच्या तिरकेपणाप्रमाणे तासल्या, त्यांवर पितळी बिजागऱ्या बसवल्या. साच्यात दोन्ही झडपा मिटल्या तेव्हा इतक्या नेमक्या बसल्या की मेस्तांनीसुद्धा बोट फिरवून पाहिलं आणि मान हलवली. मेस्त म्हणजे आमच्याकडचे वडीलधारे सुतार. चाळीस वर्षं त्यांचे हात लाकडात आहेत.

साच्यात आम्ही झडपा मिटून पाहिल्या. उघडून पाहिल्या नाहीत. चूक ती.

बोटीवर बसवल्यावर झडप अर्ध्याहून थोडी जास्त उघडली आणि खालचा कोपरा ब्रिज डेकवर घासून थांबला. ब्रिज डेक म्हणजे उंबरठ्याबाहेरचा आडवा पट्टा. या बोटीत तो उंबरठ्याच्याच पातळीला आहे. मिटलेल्या दाराखाली सगळीकडे सारखी ४ मिमी फट होती, तरी उघडताना ते खाली येत होतं. मला वाटलं बिजागरी सैल आहे. स्क्रू आवळले. तसंच.

मेस्तांनी माझी मोजमापाची वही घेतली. शिवण डावीकडे ठेवून ती उभी धरली आणि शिवणीचं वरचं टोक किंचित बाहेर झुकवलं. मग मुखपृष्ठ हळूहळू उघडलं. उघडताना त्याचा खालचा मोकळा कोपरा खाली खाली येत गेला. "शिवण तिरकी, म्हणून पान खाली येतं," ते म्हणाले. "तू बिजागरी तिरक्या कडेवर मारलीस."

घरी येऊन मी हिशेब मांडला. प्रत्येक बाजू ७६० मिमी उंचीत २६ मिमी बाहेर झुकते, म्हणजे जवळजवळ २ अंश. २९० मिमी रुंदीची झडप अशा आसावर काटकोनात उघडली की तिचा मोकळा कोपरा सुमारे १० मिमी खाली येतो आणि पूर्ण मागे वळवली की २० मिमी. ४ मिमी फट संपायला पन्नासेक अंश पुरतात. कोपरा घासला तो तिथेच. दोन अंश डोळ्यांना दिसतही नाहीत. घराच्या चौकटीत ओळंबा लावतो म्हणून ही चूक तिथे होत नाही. तरंगत्या बोटीत ओळंबा आणि स्पिरिट लेव्हल दोन्ही कामाची नाहीत, कारण बोट स्वतःच हलते आणि तिरकी बसते. ओळंब्याची सवय सुटली आणि त्याच्या जागी दुसरं काही माझ्या मनात आलं नाही.

तेव्हा हंगाम संपत आला होता. मी घाईचा उपाय केला : झडपांच्या खालच्या कडा तिरक्या कापल्या आणि राहिलेल्या त्रिकोणी फटीवर रबराची पट्टी लावली. दार उघडायला लागलं. जूनच्या सुरुवातीला बोट पाण्याबाहेर काढून ताडपत्रीखाली ठेवली.

जुलैमध्ये ताई आणि भाओजी बोट पाहायला गेले आणि दार उघडेना. दोन्ही झडपा मधल्या कडेला एकमेकींत रुतून बसल्या होत्या. शेवटी भाओजी पुढच्या झाकणातून आत उतरले आणि आतून खांद्याने ढकलून दार मोकळं केलं. ताईचा अंगठा झडपेत सापडून काळा-निळा झाला होता. मला तो अंगठा अजून आठवतो.

पणजीला वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग जून ते ऑगस्टमध्ये. एप्रिलमध्ये माझ्या मीटरवर त्या सागवानात १२ टक्के ओल होती. जुलैमध्ये १७ निघाली. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगतं, आणि किती फुगेल ते फळी झाडातून कशी कापली त्यावर ठरतं. फळीच्या टोकाला वलयं आडवी दिसत असतील, तर सागवान ओलीच्या दर टक्क्यामागे रुंदीच्या सुमारे ०.१९ टक्का फुगतं. वलयं उभी असतील तर सुमारे ०.१० टक्का. माझ्या फळ्या आडव्या वलयांच्या होत्या. २९० मिमी, पाच टक्के ओल : प्रत्येक झडप पावणेतीन मिमी, दोन्ही मिळून साडेपाच. फट दोन मिमीची. बाहेरच्या बाजूला बिजागऱ्या घट्ट, म्हणून सगळी फुगण मधे आली.

सागवान न हलणारं लाकूड, असं आपण सगळेच बोलतो. इतर लाकडांच्या मानाने ते कमी हलतं, एवढंच खरं. मी त्या ओल्या जुलैत मधल्या कडेवरून रंधा फिरवून ४ मिमी काढले. जानेवारीत लाकूड सुकलं तेव्हा फट ६ मिमीची झाली. रात्री केबिनमधला दिवा किनाऱ्यावरून उभ्या रेघेसारखा दिसायचा आणि त्या रेघेतून मांडवीचे सगळे डास आत.

बिजागऱ्यांचंही तेच. बाजारातलं साधं पितळ खाऱ्या हवेत वर्षभरात ठिकठिकाणी गुलाबी पडलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खारं पाणी जस्त बाहेर ओढून नेतं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. गुलाबी डाग तो. एका स्क्रूचं डोकं पेचकसाने हलकं फिरवलं तर तुटून हातात आलं. तुटलेली कड आत खडबडीत, लालसर होती, विटेच्या तुकड्यासारखी.

दुसरी जोडी

या वेळी लाकडाला हात लावायच्या आधी दोन रेषा ठरवल्या.

उंबरठ्याचा मध्य काढला, वरच्या कडेचा मध्य काढला, आणि दोन्हींत मासेमारीची नायलॉन दोरी ताणून बांधली. बोट कशीही हलो, ही दोरी बोटीबरोबर हलते. दोरीपासून दोन्ही बाजूंना वर आणि खाली सारखंच २७८ मिमी अंतर मोजून खुणा केल्या. आता दोन्ही बिजागऱ्यांच्या रेषा दोरीला आणि म्हणून एकमेकींना समांतर होत्या. चारही खुणांचे कर्ण मोजले, एक मिमीचाही फरक नव्हता. तिरक्या बाजूंची भरपाई सागवानी पाचरपट्ट्यांनी केली : खाली १२ मिमी जाड, वर ३८. या पट्ट्या खोबणींच्या बाहेर, कॉकपिटच्या बाजूला, इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) आणि आरपार बोल्टने बसवल्या. त्यांच्यामधलं तोंड आता ५५६ मिमीचा सरळ आयत झालं.

खोबणी जशा होत्या तशा राहिल्या. एक बदल मात्र झाला. पूर्वी फळी थोडी उचलली की बाहेर निघायची. आता बाहेरच्या पट्ट्या आड येतात, म्हणून ती पूर्ण वर उचलूनच काढावी लागते. मला वाटलं भाओजींना हे गैरसोयीचं वाटेल. ते खूश झाले. जी फळी थोडी उचलल्यावर निघते ती बोट आडवी झाल्यावर आपोआपही निघू शकते, म्हणून समुद्रात जाणाऱ्या बोटीला समांतर बाजूच बऱ्या.

झडपा सलग फळीच्या न करता चौकटीच्या केल्या. उभ्या पट्ट्या ६० मिमी रुंद, उभ्या वलयांच्या निवडून घेतलेल्या. ६० मिमीची अशी पट्टी पाच टक्के ओलीत जेमतेम ०.३ मिमी फुगते. दोन्ही झडपांत मिळून चार उभ्या पट्ट्या, म्हणजे सव्वा मिमी. आधी साडेपाच होती. आडव्या पट्ट्यांचं लाकूड रुंदीच्या दिशेने लांबीतच जातं, त्यामुळे तिथली फुगण मोजण्याजोगी नाही. उभ्या-आडव्या पट्ट्या कुसू घालून, म्हणजे एकीचं टोक दुसरीच्या खाचेत बसवून जोडल्या, नुसत्या डॉवेलवर (गोल लाकडी खुंट्यांवर) सोडल्या नाहीत. खालच्या पॅनलला ९ मिमी मरीन प्लाय, मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, आयएस ७१० चा शिक्का बघून घेतलेला, कापलेल्या सगळ्या कडा इपॉक्सीने तीनदा बंद केलेल्या. प्लायमध्ये पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते रुंदीत जवळजवळ हलत नाही.

सागवान चिकटवताना एक काळजी घ्यावी लागते. त्याच्यात तेल असतं आणि ते रंधलेल्या पृष्ठभागावर पुन्हा वर येतं. म्हणून सांधा त्याच दिवशी रंधायचा, ॲसिटोनने भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसायचा, फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत पुसत राहायचं, आणि ॲसिटोन उडून गेलं की लगेच इपॉक्सी लावायचं. क्लॅम्प फार आवळायचा नाही, नाहीतर सगळं इपॉक्सी पिळून बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. पहिल्या जोडीचा एक जोड जानेवारीत उघडला होता. त्याच्या आतल्या कडा स्वच्छ, कोऱ्या लाकडाच्या होत्या, गोंद धरलेलाच नव्हता.

वरच्या पॅनलला ताईला शिंपल्यांची तावदानं हवी होती, आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना असतात तशी. फार सुंदर दिसली असती. पण तो पातळ शिंपला ठेच लागली की तडकतो, आणि झुआरीतल्या चिखलीच्या खाडीत उरलेल्या त्या शिंपल्यांकडे हात न नेलेला बरा, असं मला मनापासून वाटतं. तिथे झिलमिली, म्हणजे तिरक्या आडव्या पट्ट्या, बसवली. आतून डासांची जाळी, आणि पावसात सरकवून घालायला ६ मिमी पॉलिकार्बोनेटचा तुकडा. संध्याकाळी खारा वारा सुटतो तेव्हा बंद केबिनमध्येही हवा खेळते.

झडपा बाहेरच्या बाजूला उघडतात. कॉकपिटमध्ये पाणी शिरलंच तर ते दाराला चौकटीवर दाबून धरतं, बिजागऱ्यांवर सगळा भार येत नाही. तोंडाच्या वरपर्यंत पाणी नुसतं साठून राहिलं तरी एवढ्या क्षेत्रफळावर जवळपास १६५ किलो भार पडतो. फुटणाऱ्या लाटेचा तडाखा याहून कितीतरी जास्त असतो, म्हणून समुद्रात हे दार नाही, या निर्णयात तसूभर फरक झाला नाही. मधल्या कडेला दोन्ही झडपा १२ मिमी खाच पाडून एकीवर एक येतात, त्यामुळे फट कमी-जास्त झाली तरी उजेडाची रेघ दिसत नाही. खालच्या कडेला आतल्या अंगाने ३ मिमीची एक बारीक खाच आहे. दारावरून ओघळलेलं पाणी तिथे थेंब होऊन पडतं, आत सरकत नाही.

बिजागऱ्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या, उचलून काढता येणाऱ्या. ३०४ मध्ये मॉलिब्डेनम नसतं, ३१६ मध्ये २ ते ३ टक्के असतं, आणि खाऱ्या हवेत गंज थोपवायचं काम ते करतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, त्यावरून ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाही. दोन्हींना चुंबक जवळजवळ धरत नाही. माल बोटीचं सामान विकणाऱ्याकडून शिक्का पाहूनच घेतला. या बिजागऱ्या डाव्या-उजव्या वेगळ्या येतात. चारही एकाच बाजूच्या आल्या तर एक झडप उचलली जाणारच नाही. पहिल्यांदा तशाच आल्या, परत पाठवल्या. प्रत्येक बिजागरीच्या पिनवर लहान आडवी खिट्टी आहे. नाहीतर कोणी झडप चुकून वर उचलली तर ती हातातच यायची.

कडी आत आणि बाहेर दोन्हीकडून उघडते. याबाबत ताई ठाम होती, आणि बरोबर होती. बाहेरून कोयंडा घालून कोणी किनाऱ्यावर गेलं आणि आत कुणी झोपलेलं असलं तर काय, हा प्रश्न मला सुचला नव्हता.

व्हार्निशचे सात हात दिले, पहिला अर्धा थिनर घालून पातळ. सगळ्या कडा ३ मिमी गोल केल्या, कारण धारदार कडेवर व्हार्निश पातळ पडतं आणि गोव्याचं ऊन तिथूनच सोलायला सुरुवात करतं. एवढं करूनही खालच्या आडव्या पट्टीच्या टोकाशी, जिथे लाकडाचे तंतू उघडे पडतात, तिथे मे महिन्यातच पांढुरका डाग आला. टोकांना आधी इपॉक्सी पाजायला हवं होतं. पॅनलच्या कडांना पाजलं, पट्टीच्या टोकांना राहिलं. यंदा ऑक्टोबरमध्ये ते काम आहे.

एका झडपेचं वजन अडीच किलोच्या आसपास भरलं, सलग फळीची तीन किलोंवर होती. केबिनची मागची भिंत, जिच्यात हे तोंड आहे, वरच्या बाजूला किंचित पुढे झुकलेली आहे, त्यामुळे झडप काटकोनाच्या अलीकडे सोडली तर आपोआप मिटते आणि पलीकडे गेली तर स्वतःच मागे जाऊन टेकते. बोट हेलकावत असताना मधेच कुठे थांबली आणि परत आली तर बोटं सापडतील, म्हणून मागे रबरी टेकू आणि एक हूक दिला. एप्रिलमध्ये कारवारला जाऊन येताना दोन्ही झडपा पलंगाखाली होत्या आणि तोंडात फळ्या, प्रत्येकीला दोरी. बदलायला भाओजींना चार मिनिटं लागली.

फट मोजायला मी सागवानाचीच एक निमुळती पाचर केली होती, तिच्यावर दर अर्ध्या मिमीला पेन्सिलची रेघ. फेब्रुवारीत झडपा बसवल्या तेव्हा पाचर मधल्या खाचेत ३ वर थांबली. ऑगस्टच्या मध्यावर, चार दिवसांच्या संततधारेनंतर, आम्ही चौघे यार्डात गेलो. ताडपत्रीवरून पाणी गळत होतं. पाचर पावणेदोनच्या जवळ थांबली. ताईने एका बोटाने झडप ढकलली. ती काटकोनापलीकडे गेली आणि रबरावर जाऊन टेकली. मेस्त उंबरठ्यापाशी वाकले, कानामागची पेन्सिल काढली आणि उघड्या झडपेच्या खालच्या कडेने, बिजागरीपासून मोकळ्या कोपऱ्यापर्यंत, ब्रिज डेकवरून आडवी फिरवली. कुठे अडकली नाही, कुठे सैलही पडली नाही.